फ्रेड रोझ : नॅशव्हिलच्या गीतसृष्टीचा संस्कर्ता

लोकप्रिय गीताचा इतिहास लिहिणे हे ग्रंथांचा इतिहास लिहिण्यापेक्षा एका अर्थी अधिक अवघड आहे. ग्रंथावर कर्त्याचे नाव असते. त्याच्या आवृत्त्या, हस्तलिखिते, पाठभेद अभ्यासकाला समोर ठेवून पाहता येतात. गीत मात्र गाणाऱ्याच्या गळ्यातून लोकांपर्यंत पोहोचते आणि त्या गळ्याचेच होऊन बसते. ते लिहिले कोणी, त्यातला एखादा शब्द बदलला कोणी, ते कोणत्या वाद्यमेळात आणि कोणत्या लयीत मुद्रित व्हावे हे ठरवले कोणी, त्याच्या विक्रीतून आलेला पैसा कोणाच्या पदरात पडला, असले प्रश्न श्रोत्याला पडत नाहीत. आणि पडले तरी त्यांची उत्तरे देऊ शकणारी माणसे बहुधा पडद्याआड असतात. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत वाढलेल्या, आज ज्याला कंट्री संगीत म्हणतात त्या ग्रामीण संगीताच्या इतिहासात असा एक पडद्याआडचा पुरुष होऊन गेला. त्याचे नाव फ्रेड रोझ. १९६१ साली नॅशव्हिल येथे कंट्री संगीताच्या मानकऱ्यांची पहिली नामावली सिद्ध झाली, तीत तिघांचीच नावे होती : जिमी रॉजर्स, हँक विल्यम्स आणि फ्रेड रोझ. पहिले दोघे गायक. त्यांच्या मुद्रिका खेड्यापाड्यांतून वाजलेल्या. तिसऱ्याचा चेहरा रस्त्यात कोणी ओळखला नसता. तरीही ह्या दोघांच्या पंक्तीला त्याला बसवावे असे त्या व्यवसायातील जाणत्यांना का वाटले, हे पाहण्याजोगे आहे.

रोझ हा मुळात ग्रामीण नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंडियाना राज्यातील एव्हान्सव्हिल येथे त्याचा जन्म झाला आणि सेंट लुई शहरात नातेवाइकांच्या आश्रयाने तो वाढला. पियानो तो ऐकून ऐकून शिकला. मिसरूड फुटण्याच्या वयात त्याने शिकागो गाठले आणि तेथल्या मद्यगृहांत पियानो वाजवून पोट भरू लागला. १९२०-३० ही दशवर्षे अमेरिकेत जॅझची, नृत्यगृहांची आणि नव्याने आलेल्या नभोवाणीची. त्या गजबजाटात रोझने गीतकार म्हणून नाव मिळवले. १९२४ सालचे, सोफी टकरने गाजवलेले ‘रेड हॉट मामा’ हे गीत रचण्यात त्याचा वाटा होता. १९२६ च्या ‘डीड आय डू’ ह्या गीताची चाल त्याची, शब्द वॉल्टर हर्शचे. हे दुसरे गीत पुढे कित्येक जॅझ गायिकांनी आपलेसे केले आणि आजही ते गायले जाते. पॉल व्हाइटमनच्या त्या काळच्या विख्यात वाद्यवृंदातही त्याने काही दिवस पियानो वाजवला. सारांश, पुढे ज्या संगीताचा तो आधारस्तंभ झाला त्या संगीताशी त्याचा पहिल्या तीस-पस्तीस वर्षांत काही एक संबंध नव्हता. शहरी माणूस ग्रामीण संगीताकडे जसा पाहतो, म्हणजे किंचित हसून, तसाच तोही पाहत असला पाहिजे.

ह्या काळात एक व्यसन त्याला जडले होते. मद्याने त्याच्या नभोवाणीवरील कामात व्यत्यय आणला, हातची कामे गेली. १९३३ च्या सुमारास तो नॅशव्हिलला आला आणि तेथल्या डब्ल्यू.एस.एम. केंद्रावर पियानोवर गाणी सादर करू लागला. त्यानंतर न्यूयॉर्कमध्ये असताना तो ख्रिश्चन सायन्स ह्या पंथाच्या शिकवणुकीकडे वळला आणि त्याने मद्य सोडले. ही गोष्ट त्याच्या चरित्रात केवळ खाजगी म्हणून बाजूला ठेवता येत नाही. पुढे ज्या तरुणाला त्याने हाताशी धरले, त्याच्याही नाशाचे कारण तेच व्यसन होते. आणि स्वतः त्यातून बाहेर आलेला माणूस दुसऱ्याला बाहेर काढण्यासाठी धडपडतो तेव्हा त्याच्या उपदेशात जो कळवळा आणि जी अधीरता असते, ती दोन्ही रोझच्या वागण्यात दिसतात.

१९३८ पासून तीन-चार वर्षे रोझ हॉलिवुडमध्ये होता. जीन ऑट्री हा गाणारा घोडेस्वार त्या वेळी चित्रपटांतून अफाट लोकप्रिय होता आणि त्याच्यासाठी रोझने अनेक गीते लिहिली. त्यांपैकी ‘बी ऑनेस्ट विथ मी’ हे १९४१ च्या चित्रपटातील गीत चित्रपट अकादमीच्या पारितोषिकासाठी नामनिर्देशित झाले होते. पारितोषिक मिळाले नाही. परंतु ह्या कामाने रोझला एक गोष्ट शिकवली. शिकागोच्या गीतात चतुराई लागते, श्लेष लागतो, यमकाचा खटका लागतो. ऑट्रीच्या श्रोत्याला ते नको होते. त्याला सरळ बोललेले हवे होते. हे सरळ बोलणे लिहायला सोपे नाही, हे ज्याने लिहून पाहिले आहे त्यालाच ठाऊक.

तरीही ह्या संगीताचे मर्म त्याला उमगले ते नॅशव्हिलला परत आल्यावर. त्याबद्दल एक कथा सांगितली जाते. डब्ल्यू.एस.एम. केंद्रावरून दर शनिवारी रात्री ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा कार्यक्रम प्रक्षेपित होई. तो १९२५ पासून चालत आलेला, आणि १९३९ पासून त्याचा अर्धा तास देशव्यापी नभोवाणीवरूनही जाऊ लागलेला. त्याचा मुख्य गायक रॉय ॲकफ. आजारी बालकाच्या मृत्यूचे एक करुण गीत ॲकफ गात असताना त्याच्या गालांवरून अश्रू ओघळत होते आणि ते रोझने रंगमंचाच्या कडेला उभे राहून पाहिले. ज्या गीताला शिकागोत हसून वाटेला लावले असते, ते गाताना हा माणूस खरोखर रडतो आहे, हे पाहून आपल्याला ह्या संगीताचा अर्थ कळला, असे तो सांगत असे म्हणतात. कथा थोडी घोटलेली वाटते. परंतु त्याच्या पुढील रचना पाहता, तिच्यात तथ्य नाही असे म्हणवत नाही.

येथे थोडे विषयांतर करून त्या काळच्या गीतव्यवसायाची घडी समजून घेतली पाहिजे. त्याशिवाय रोझने काय केले ते ध्यानात येणार नाही. अमेरिकेच्या १९०९ च्या लेखाधिकार कायद्याप्रमाणे मुद्रिकेवरील प्रत्येक गीतामागे प्रत्येक प्रतीस २ सेंट इतके स्वामित्वधन देय होते, आणि हा दर तब्बल १९७८ पर्यंत कायम राहिला. ते मिळे गीताच्या प्रकाशकाला. त्याने त्यातला निम्मा भाग गीतकाराला द्यावा असा प्रघात. ह्याखेरीज नभोवाणीवर व सभागृहात गीत वाजले की त्याचे शुल्क वेगळे. ते गोळा करण्यासाठी गीतकार व प्रकाशक ह्यांची ‘आस्कॅप’ ही संस्था १९१४ पासून होती, आणि रोझ स्वतः तिचा सभासद होता. परंतु तिची दारे न्यूयॉर्कच्या प्रतिष्ठित गीतकारांना उघडी. दक्षिणेकडचे गोरे ग्रामीण गायक आणि कृष्णवर्णीय ब्लूज गायक बहुतांशी उंबऱ्याबाहेरच. ग्रामीण गायक दहा-वीस डॉलर रोख घेऊन गीत कायमचे विकून टाकी. पुढे त्या गीताच्या लाख प्रती खपल्या तरी त्याच्या हाती काही येत नसे. १९२७ साली ब्रिस्टल येथे जिमी रॉजर्सचा आवाज पहिल्याने मुद्रित करणारा राल्फ पीअर हा ह्या व्यवसायातला दूरदर्शी गृहस्थ. मुद्रिका कंपनीकडून वेतन न घेता गीतांचे लेखाधिकार घेणे त्याने पत्करले, आणि त्यातून त्याचा मोठा प्रकाशनव्यवसाय उभा राहिला. त्याने गीतकारांना वाटा दिला हे खरे. पण त्याचेही बिऱ्हाड न्यूयॉर्कचेच.

१९४१ च्या १ जानेवारीला ह्या व्यवस्थेला तडा गेला. आस्कॅपने नभोवाणी केंद्रांकडे वाढीव शुल्क मागितले. केंद्रचालकांनी ते नाकारले, आणि वर्षाच्या पहिल्या दिवसापासून आस्कॅपची गीते नभोवाणीवरून जवळजवळ नाहीशी झाली. हा बहिष्कार सुमारे दहा महिने टिकला. लेखाधिकाराची मुदत सरलेली स्टीफन फॉस्टरची शतकापूर्वीची गीते इतकी वाजली की लोक कंटाळले. केंद्रचालकांनी आधीच, १९३९ साली, ‘ब्रॉडकास्ट म्युझिक इनकॉर्पोरेटेड’, संक्षेपाने बी.एम.आय., ही स्वतःची संस्था काढून ठेवली होती. तिला गीते हवी होती आणि प्रतिष्ठित गीतकार तर तिच्याकडे येण्यासारखे नव्हते. मग ज्यांना आजवर कोणी विचारले नव्हते त्यांच्याकडे तिने मोर्चा वळवला. दोन श्रीमंतांच्या भांडणात गरिबाचे साधले, असा हा प्रकार.

ह्याच सुमारास रॉय ॲकफने आपल्या गीतांची पुस्तिका नभोवाणीवरून जाहीर करून टपालाने विकली आणि तिला इतकी मागणी आली की तो स्वतःच चकित झाला. न्यूयॉर्कचे प्रकाशक त्याच्या गीतांचे हक्क मागू लागले, तेव्हा त्याला शंका आली : ज्या वस्तूसाठी हे लोक इतक्या लांबून येतात तिचे मोल आपण समजतो त्याहून अधिक असले पाहिजे. त्याने रोझला भागीदारीबद्दल विचारले. ऑक्टोबर १९४२ मध्ये ‘ॲकफ-रोझ’ ही प्रकाशनसंस्था निघाली. ॲकफने २५,००० डॉलर भांडवल म्हणून ठेवले आणि त्याला हात लावण्याची पाळीच आली नाही, असे सांगतात. आरंभ मात्र फार प्रतिकूल होता. महायुद्धामुळे मुद्रिकांसाठी लागणाऱ्या लाखेची टंचाई, आणि शिवाय त्याच वर्षी १ ऑगस्टपासून वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकलेला. अशा वेळी गीतप्रकाशनाचा धंदा काढणे म्हणजे अवर्षणात पेरणी करण्यासारखे होते.

नॅशव्हिलमध्ये धार्मिक गीतांचे प्रकाशक पूर्वीपासून होते. ग्रामीण लौकिक संगीताला वाहिलेली मोठी प्रकाशनसंस्था तेथे ही पहिलीच. तिची ख्याती झाली ती हिशेबातल्या सचोटीमुळे. गीत रोखीने कायमचे विकत घेण्याऐवजी गीतकाराला त्याचा वाटा नियमाने पोहोचवायचा, हा तिचा शिरस्ता. ॲकफने संस्थेचे दैनंदिन काम कधी पाहिले नाही. ते रोझने पाहिले, आणि १९४५ पासून त्याचा पुत्र वेस्ली ह्याने. वेस्ली शिकागोत एका तेल कंपनीत लेखापाल होता. संगीताशी त्याचा संबंध नव्हता, आणि हेच संस्थेच्या पथ्यावर पडले. बाप गीताची मात्रा पाही, मुलगा खतावणी पाही. रोझ आस्कॅपचा सभासद, आणि संस्था बी.एम.आय.शी जोडलेली, तेव्हा आपली काही गीते त्याने फ्लॉइड जेंकिन्स ह्या टोपणनावाने प्रसिद्ध केली. ‘फायरबॉल मेल’ हे ॲकफचे आगगाडीचे गीत ह्या जेंकिन्सचे. पुढे आस्कॅपकडील गीतांसाठी ‘मिलीन’ नावाची जोडसंस्था काढण्यात आली. ते नाव ॲकफची पत्नी मिल्ड्रेड आणि रोझची पत्नी लोरीन ह्यांच्या नावांची संधी करून बनवलेले आहे.

आपल्या संतकवींनी रचनेच्या शेवटी नाममुद्रा ठेवली. रचना आणि रचणारा ह्यांची फारकत होऊ नये अशी ती तजवीज होती. रोझने ह्याच्या नेमके उलट केले. दुसऱ्याचे गीत दुरुस्त करायचे, प्रसंगी त्याचा अर्धा सांगाडा नव्याने बांधायचा, आणि नाव घालायचे नाही, ही त्याची रीत असल्याचे त्याचे अनेक समकालीन सांगत. ‘टेनेसी वॉल्ट्झ’चेच उदाहरण घ्यावे. पी वी किंग आणि रेड स्ट्युअर्ट ह्यांचे हे गीत १९४८ साली ॲकफ-रोझने प्रसिद्ध केले. मूळ संहितेत एका ठिकाणी त्या नृत्याच्या नावाचा केवळ दोनदा उद्गार होता. रोझने पहिला उद्गार काढून तेथे त्या रात्रीच्या आठवणीचा उल्लेख घातला. बदल एका ओळीचा. परंतु त्यामुळे नृत्याचे कौतुक मागे पडून गीत स्मृतीचे झाले. जे चालले आहे ते नव्हे, जे गमावले त्याचे. १९५० साली पॅटी पेजने ते गायले, ते एका नाताळगीताच्या मागच्या बाजूला. नाताळगीत कोणाच्या लक्षातही राहिले नाही, आणि ह्या मागच्या बाजूच्या लक्षावधी प्रती खपल्या. १९६५ मध्ये टेनेसी राज्याने त्याला राज्यगीतांत स्थान दिले. मुद्रिकेवर रोझचे नाव नाही.

आता हँक विल्यम्स. सप्टेंबर १९४६ मध्ये अलाबामातील हा तरुण, वय तेविसाच्या उंबरठ्यावर, पत्नीसह नॅशव्हिलला आला. फ्रेड आणि वेस्ली हे बापलेक डब्ल्यू.एस.एम.च्या इमारतीत दुपारचे टेबल टेनिस खेळत असता ही दोघे तेथे येऊन थडकली, असे परंपरेने सांगतात. रोझला त्या वेळी मॉली ओ’डे ह्या गायिकेसाठी गीते हवी होती. त्याने ह्याची गीते ऐकली आणि घेतली. डिसेंबरच्या ११ तारखेला स्टर्लिंग ह्या छोट्या कंपनीसाठी हँकचे पहिले ध्वनिमुद्रण झाले. १९४७ साली रोझने त्याला नव्यानेच निघालेल्या एम.जी.एम. मुद्रिका कंपनीत नेले. तेथपासून १९५२ च्या अखेरपर्यंत हँकची बहुतेक सर्व ध्वनिमुद्रणे रोझच्या देखरेखीखाली झाली. ‘निर्माता’ हा शब्द तेव्हा त्या अर्थी रूढ नव्हता आणि मुद्रिकेवर तसे नाव छापलेही जात नसे; काम मात्र तेच होते.

ह्या दोघांच्या संबंधाची एक कथा फार प्रसिद्ध आहे. हा अर्धशिक्षित पोरगा खरेच स्वतः लिहितो की कोणाचे विकत घेऊन आणतो, ह्याची परीक्षा पाहण्यासाठी रोझने त्याला विषय दिला : एक मुलगी गरीब प्रियकराला सोडून टेकडीवरच्या वाड्यातील श्रीमंताशी लग्न करते, ह्यावर गीत लिहून आण. हँकने ‘अ मॅन्शन ऑन द हिल’ लिहून आणले. कथा गोड आहे. मात्र त्या गीतावर हँक विल्यम्स आणि फ्रेड रोझ अशी दोन नावे आहेत. उत्तरपत्रिकेवर परीक्षकाचे नाव कसे आले, हा प्रश्न शिक्षकवर्गाला तरी पडावा. माझ्या मते ह्या विसंगतीतच त्यांच्या कामाची पद्धत दिसते. विषय एकाचा, पहिला खर्डा दुसऱ्याचा, पुढची छाटणी पुन्हा पहिल्याची.

ह्यावरून दोन टोकाची मते निघाली आहेत. हँक हा उपजत कवी, रोझ हा केवळ त्याचा प्रकाशक, असे एक. आणि हँकच्या नावावरील उत्तम गीते वस्तुतः रोझनेच लिहिली, असे दुसरे. दोन्ही मते पुराव्यापुढे टिकत नाहीत. हँक रोझला भेटण्यापूर्वीही गीते लिहीत होता, आणि त्या गीतांतही त्याच्या बोलीचा कडवटपणा व विनोद आहे. रोझच्या स्वतःच्या गीतांत तो नाही. रोझची गीते अधिक गुळगुळीत, अधिक सभ्य असतात. उलट, ‘हे गुड लुकिन’ किंवा ‘युअर चीटिन हार्ट’ ह्यांची बांधणी पाहावी. बत्तीस मात्रागणांचे चार समान भाग. पहिला, दुसरा व चौथा एका चालीचे, तिसरा वेगळ्या चालीचा, जो मन क्षणभर दुसरीकडे नेऊन परत आणतो. हा सांगाडा न्यूयॉर्कच्या गीतकारांचा, शिकागोच्या रोझच्या हाडीमासी खिळलेला. ग्रामीण गीताला अशा तिसऱ्या भागाची गरज नव्हती. ते कडव्यामागून कडवे सांगत जाई. हा साचा हँकने कोठून कसा उचलला, हे प्रत्येक गीताबाबत सांगता येणार नाही. पण त्याच्या शेजारी बसलेला माणूस तो वीस वर्षे वापरत आला होता. कोणता शब्द कोणाचा हे वेगळे काढायला बसणे म्हणजे भातातून तांदूळ आणि पाणी वेगळे करण्यासारखे आहे.

रोझचे चुकलेही. १९४८ च्या २२ डिसेंबरला सिनसिनाटी येथील हर्झोग कलागृहात हँकने ‘लव्हसिक ब्लूज’ मुद्रित करण्याचा हट्ट धरला. ते १९२२ सालचे जुने रंगभूमीगीत. रोझला ते ताल सोडून चालणारे, वेडेवाकडे वाटले, आणि आपला विरोध त्याने लपवला नाही. मुद्रण झाले, आणि पुढच्या वर्षी ते १६ आठवडे ग्रामीण गीतांच्या यादीत अग्रस्थानी राहिले. त्याच गीताच्या बळावर जून १९४९ मध्ये हँकला ऑप्रीचा रंगमंच मिळाला. शिकवलेल्या कानाला जे सदोष वाटते ते कधी कधी श्रोत्याला नेमके हवे असते. रोझने हे मनाला लावून घेतले असे दिसत नाही.

ध्वनिमुद्रणातील त्याची दृष्टी मात्र आजही शिकण्यासारखी आहे. त्या काळी तीन तासांच्या बैठकीत चार गीते मुद्रित करावयाची असा शिरस्ता होता; तेवढ्या वेळात चुकायला फारसा अवकाश नसे. नॅशव्हिलच्या ट्युलेन हॉटेलात डब्ल्यू.एस.एम.च्या तीन अभियंत्यांनी ‘कॅसल’ नावाचे कलागृह थाटले होते, तेथे ह्यांतील बरीच मुद्रणे झाली. रोझने वाद्यमेळ अगदी थोडका ठेवला : गिटार, फिडल, स्टील गिटार, मोठे बास. ढोल बहुतेक मुद्रिकांत नाहीच. त्याऐवजी गिटारच्या तारा तळहाताने दाबून काढलेला बोथट ठोका ताल धरतो. स्टील गिटार वाजवणाऱ्या डॉन हेल्म्सला त्याने वरच्या पट्टीत वाजवावयास सांगितले, हे हेल्म्सने पुढे सांगितले आहे. ह्यामागे व्यवहार होता. ही गीते ऐकली जात ती कुठल्या तरी रस्त्याकडेच्या खाणावळीतील, पैसा टाकून वाजणाऱ्या ज्यूकबॉक्स यंत्रावर, माणसांच्या गलक्यात. किंवा स्वस्त नभोवाणी-संचावर. तेथे मधल्या पट्टीतला सूर गायकाच्या आवाजात मिसळून हरवतो. उंच सूर मात्र कापत जातो. हँकच्या मुद्रिकांना जी एक आर्त, जवळजवळ बोचरी धार आहे ती बऱ्याच अंशी ह्या निर्णयाची देणगी आहे. श्रोता कोठे बसून ऐकणार आहे ह्याचा विचार करणारे संगीतकार थोडे असतात.

एक गोष्ट टीकाकाराने दृष्टीआड करू नये. रोझ हा हँकच्या गीतांचा प्रकाशक, काही गीतांचा सहलेखक आणि मुद्रणाचा नियंता अशा तिन्ही नात्यांनी उभा होता. कोणती गीते मुद्रित व्हावीत हे ठरवणारा तो, आणि ती मुद्रित झाल्यावर त्यातून मिळणारा प्रकाशकाचा वाटाही त्याच्याच संस्थेचा. आजच्या काटेकोर दृष्टीला हे खटकेल, आणि खटकावे. हेच अधिकार कमी सचोटीच्या माणसाच्या हाती असते तर काय झाले असते, ह्याची उदाहरणे त्या व्यवसायात विपुल आहेत. रोझच्या बाबतीत एवढे म्हणता येते की, ज्या मुलाला त्याने आपल्या संस्थेशी बांधून घेतले त्याच्या गीतांना त्याने संस्थेच्या कुवतीबाहेरचे जग मिळवून दिले. वेस्ली हँकची गीते घेऊन न्यूयॉर्कला गेला. मिच मिलरच्या देखरेखीखाली टोनी बेनेटने १९५१ साली ‘कोल्ड, कोल्ड हार्ट’ गायले आणि ते सबंध देशाच्या लोकप्रिय गीतांच्या यादीत पहिले आले. खेडवळ म्हणून हिणवले गेलेले शब्द शहरी वाद्यवृंदात, एकही शब्द न लाजता, उभे राहिले. १९४९ साली ‘बिलबोर्ड’ ह्या व्यावसायिक साप्ताहिकाने आपल्या यादीचे शीर्षक बदलून ‘कंट्री अँड वेस्टर्न’ असे केले होते. ‘हिलबिली’ हा तुच्छतादर्शक शब्द हळूहळू मागे पडत होता.

हँक मात्र मागे फिरत नव्हता. मद्य, पाठीचे दुखणे, मोडलेला संसार. रोझने त्याला वडीलधाऱ्याच्या अधिकाराने पत्रे लिहिली, रागावला, पुन्हा जवळ घेतले. ऑगस्ट १९५२ मध्ये ऑप्रीने हँकला काढून टाकले. त्याच महिन्यात अलाबामातील एका सरोवराकाठी त्याने एका गीताचा आरंभ केला. त्या जागेचे नाव कोवालिगा. रोझने ते हाती घेऊन त्याची कथाच फिरवली असे सांगतात. मुद्रित गीतातील कोवालिगा म्हणजे तंबाखूच्या दुकानापुढे उभा असलेला लाकडी आदिवासी पुतळा. समोरच्या पुतळीवर त्याचे प्रेम, पण लाकडाच्या ओठांनी ते बोलता येत नाही, आणि तिला कोणी विकत घेऊन जातो. मूल तत्त्वतः विनोदी. ऐकताना मात्र हसू अर्ध्यावर थांबते. २३ सप्टेंबर १९५२ रोजी कॅसलमध्ये ते मुद्रित झाले, आणि ह्या एका गीतासाठी रोझने ढोल घेतला. त्याच बैठकीत ‘युअर चीटिन हार्ट’ आणि रोझ व हाय हीथ ह्यांचे ‘टेक धीज चेन्स फ्रॉम माय हार्ट’ ही गीतेही मुद्रित झाली. हँकची ती शेवटची बैठक ठरली. १ जानेवारी १९५३ च्या पहाटे, ओहायोतील कॅन्टन येथील कार्यक्रमाला जात असता मोटारीच्या मागच्या आसनावर तो मृत आढळला. वय २९. ह्या जगातून आपण जिवंत सुटणार नाही अशा अर्थाचे त्या दोघांचे एक विनोदी गीत त्या वेळी बाजारात होते. ते पहिल्या क्रमांकावर गेले. शेवटच्या बैठकीतील गीतेही एकामागून एक त्या स्थानी पोहोचली.

रोझ त्यानंतर दोन वर्षेही जगला नाही. १ डिसेंबर १९५४ रोजी नॅशव्हिल येथे हृदयविकाराने त्याचा अंत झाला. शहरात तेव्हा मुद्रणालये व प्रकाशनसंस्था वाढू लागल्या होत्या. वेस्लीने संस्था पुढे चालवली. एव्हर्ली बंधू, डॉन गिब्सन, रॉय ऑर्बिसन ह्यांची गीते तिच्याकडे आली. फेलिस आणि बूडलो ब्रायंट ह्या दांपत्याला फ्रेडनेच पहिला आधार दिला होता; एव्हर्ली बंधूंची कितीतरी गीते त्यांच्या लेखणीची. १९८५ साली ॲकफ-रोझ विकली गेली आणि २००२ मध्ये आणखी मोठ्या संस्थेत विलीन झाली. मधल्या काळात तिचे नाव कायद्याच्या ग्रंथांत जाऊन बसले : ऑर्बिसनच्या ‘ओह, प्रिटी वुमन’ ह्या गीताचे विडंबन केल्यावरून संस्थेने खटला भरला आणि १९९४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, व्यापारी हेतूने केलेले विडंबनही लेखाधिकाराचा वाजवी वापर ठरू शकते, असा एकमुखी निर्णय दिला. लेखाधिकाराच्या रक्षणासाठी जी संस्था जन्मली तिच्याच नावावर त्या अधिकाराची मर्यादा सांगणारा निवाडा नोंदला जावा, ह्यात दैवाची थोडी थट्टा आहे.

रोझने एकट्याने लिहिलेल्या गीतांत ‘ब्लू आईज क्राइंग इन द रेन’ हे एक आहे. ॲकफने ते प्रथम मुद्रित केले तेव्हा त्याचा फारसा गवगवा झाला नाही. हँकही ते नभोवाणीवर गायला. विरह, पाऊस, वार्धक्य आणि परलोकातील भेटीची आशा एवढेच त्यात आहे. एकही अवघड शब्द नाही. जवळजवळ तीस वर्षांनी, १९७५ साली, विली नेल्सनने टेक्ससमधील गार्लंड येथे ते पुन्हा मुद्रित केले. गायकाचा आवाज, त्याची गिटार, आणि पाठीमागे अगदी थोडे. कोलंबिया कंपनीच्या अधिकाऱ्यांनी ती ध्वनिफीत ऐकली तेव्हा हा कच्चा नमुना आहे, वाद्यमेळ अजून भरायचा आहे, असा त्यांचा समज झाला. नेल्सनच्या करारात कलाविषयक अंतिम निर्णय त्याचा होता, म्हणून ती तशीच बाजारात आली. गायक म्हणून पहिल्या क्रमांकावर गेलेली त्याची ती पहिली मुद्रिका. तिच्यावर गीतकार म्हणून एकच नाव छापले आहे, फ्रेड रोझ.